एक चप्पल कमी

ता. ४ नोव्हेंबर

चि. चिमणीस,

अ. उ. आ.

तू फोन कर म्हणतेस. पण ऑफिसातल्या त्या फोनवर मला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं शेजारी बसून व्यवस्थापकसाहेब ऐकतात. तेव्हा पत्रच बरं. गुडघे आहेत तसेच आहेत. तुझ्या सासूबाईंची पाठ कशी आहे? अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कूस बदलून द्यावी लागते. तू दिवसभर लोकांना गाडी चालवायला शिकवतेस आणि घरी येऊन हे करतेस, तुझी काळजी वाटते.

आता खरी बातमी. आमच्या या वृद्धाश्रमात चोर शिरलाय. हसू नकोस. आधी बँकवाल्या आजोबांचा एक बूट गेला. मग सुईणबाईंची कवळी गेली, तीही फक्त खालची. वरची त्या तोंडात घालून दवाखान्यात गेल्या होत्या. आणि परवा आपल्या कंडक्टरची एक चप्पल गेली. आपल्या म्हणजे आमच्या डेपोच्या. बसमध्ये लोक विसरलेल्या छत्र्या माझ्या हरवले-सापडलेच्या खिडकीवर आणून द्यायचा तोच. त्याला न्यूमोनिया झालाय, दवाखान्यात नेलंय. आजोबा आणि सुईणबाई तर दवाखान्यातून परत आलेच नाहीत. दोघांना फुलं वाहून झाली.

साहेबांनी संशय घेतलाय लाँड्रीवालीवर, कारण चादरी बदलायला ती सगळ्या खोल्यांत जाते. बिचारी माझ्याच वयाला आलेली विधवा बाई, रडून रडून डोळे सुजलेत. महिनाअखेरीपर्यंत चोर सापडला नाही तर तिला काढून टाकणार, आणि चोरीचा आळ घेऊन काढलेल्या बाईला पुन्हा कोण दारात उभं करणार? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

इथली एक पद्धत तुला सांगायला हवी. माणूस दवाखान्यात गेला की त्याच दिवशी त्याचं सगळं सामान एका खोक्यात भरतात. येताना जे जे आणलं ते, अंगावरचं सोडून, सगळं खोक्यात आलं की खोक्याला दोरी बांधतात. दोरी बांधली की पलंग मोकळा झाला असं समजतात आणि दारात थांबलेल्या पुढच्या म्हाताऱ्याला देतात. मग दवाखान्यातला माणूस बरा होऊन आलाच तर त्याची रवानगी वरच्या मजल्यावर. वरचा मजला म्हणजे ज्यांना कशाचंच भान उरलेलं नाही त्यांचा. त्याचं दार बाहेरून लावतात. आम्ही खालचे लोक त्या जिन्याकडे बघत नाही.

मी तपास हाती घेतलाय. उभा जन्म हरवलेल्या वस्तूंत गेला, एवढं तर जमेल. माझ्या शेजारच्या पलंगावरच्या बॅटरीबाईला मदतीला घेतलंय. तिला बॅटरीबाई म्हणतात कारण ती सिनेमाच्या थेटरात अंधारात बॅटरी दाखवून लोकांना खुर्चीवर नेऊन बसवायची. बाई गुणाची आहे, फक्त तपासाचं नाव काढलं की तिला खोकला येतो.

तू कधी येतेस? सासूबाईंना नमस्कार सांग. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मावशी

❖

ता. ९ नोव्हेंबर

ती. स्व. मावशीस,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून इतकी हसले की सासूबाईंनी आतून विचारलं, कोण मेलं? त्यांचं हल्ली असंच आहे. कोणी हसलं तरी त्यांना वाटतं रडतंय. पाठ चिघळायला लागली आहे. डॉक्टर गादी बदला म्हणाले, पण या दीड खोलीत तो एकच पलंग. आम्ही दोघं जमिनीवरच असतो.

माझे शिकाऊ लोक ठीक आहेत. एक गृहस्थ ब्रेक म्हटलं की हॉर्न वाजवतात. कालच्या बाईंनी वळण घेताना डोळे मिटले. मी विचारलं तर म्हणाल्या, भीती वाटली की मी मिटतेच. मावशी, मला रोज संध्याकाळी वाटतं की आज आपण जिवंत घरी आलो हीच मोठी कमाई.

तर तू आता गुप्तहेर झालीस! चोराला पकडलंस तर त्याची दुसरी चप्पलही काढून घे. पण मावशी, खरं सांगू, म्हाताऱ्या माणसांच्या वस्तू जातातच इकडे तिकडे. एखादी चप्पल पलंगाखाली सरकली असेल. तू त्यात उगाच जीव घालू नकोस. साहेबांशी भांडू तर अजिबात नकोस, तुला तिथं जागा मिळवताना माझ्या नाकी नऊ आले होते. आणि कंडक्टरच्या चपलेसाठी तुझा जीव एवढा का तुटतोय, हेही एकदा कळवावं!

या महिन्यात माझ्या पाच जणांच्या परीक्षा आहेत, त्यातले चार नापास होणार. पुढच्या महिन्यात नक्की येते.

राग नसावा, आणि असलाच तर पुढच्या पत्रात उतरवावा.

तुझी,
चिमणी

❖

ता. १५ नोव्हेंबर

चि. चिमणीस,

अ. उ. आ.

कंडक्टरच्या चपलेसाठी जीव तुटतो कारण ती चप्पल घालणारा माणूस मला आवडतो. झालं समाधान? या वयात लाजायला मला सवड नाही.

चोर सापडला. आता कसा ते ऐक. मी पहिल्या दिवसापासून एकाच गोष्टीवर अडले होते. खिडकीवर बसून मी एवढं शिकले की विसरणारा माणूस एकच चप्पल विसरतो, पण चोरणारा कधी एकच चोरत नाही. एका बुटाचं, अर्ध्या कवळीचं कोण काय करणार? म्हणजे चोराला वस्तू नकोच होती. त्याला ती खोक्यात नको होती. खोकं अपुरं राहिलं तर दोरी बांधता येत नाही, दोरी नाही तर पलंग कोणाला देता येत नाही. म्हणजे चोरी झाली ती दवाखान्यातल्या माणसाच्या फायद्यासाठी! हे सुचलं तेव्हा मी चहा पीत होते, तो सगळा अंगावर सांडला.

मग मी सापळा लावला. सकाळी चहानंतर पोटावर हात दाबून अशी काही विव्हळले की शिपाई गाडी बोलवायला धावले. मी डोळे किलकिले करून पडून राहिले. खोली रिकामी झाली आणि माझ्या चपलांपाशी कोण वाकलं? बॅटरीबाई! काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझी डावी चप्पल तिनं स्वेटरच्या आत घातली आणि उभ्या उभ्या हमसून रडायला लागली. रडत रडत चोरी करणारा चोर मी पहिल्यांदाच पाहिला. मी उठून बसले तर ती घाबरून खालीच बसली. नंतर दोघी हसलो, आणि मग पुन्हा रडलो.

तिनं सगळं सांगितलं. मी इथं येण्याच्या आधी तिची धाकटी बहीण याच पलंगावर होती, आता मी झोपते त्याच. ती दवाखान्यातून ठणठणीत बरी होऊन आली. पण दोरी बांधून झाली होती. तिला वर नेलं. भान असलेली बाई त्या ओरडणाऱ्या लोकांत ठेवली. ती रोज जिन्याच्या दारावर थापा मारायची, बॅटरीबाईला त्या खाली ऐकू यायच्या. मग तिनं जेवण सोडलं, आणि मग थापाही थांबल्या. बॅटरीबाई म्हणाली, आमच्या थेटरात इंटरव्हलला बाहेर गेलेल्या माणसाची खुर्ची मी कधी कोणाला बसायला दिली नाही, आणि माझ्या बहिणीची मला धरून ठेवता आली नाही.

आता माझी पंचाईत बघ. कंडक्टरचा ताप उतरलाय, पुढच्या आठवड्यात येईल म्हणतात. आत्ता चप्पल सापडली तर दोरी बांधणार आणि तो वर जाणार. चोर सापडला नाही तर लाँड्रीवाली जाणार. बॅटरीबाईचं नाव सांगितलं तर चप्पलही निघेल आणि तीही वर जाईल. साहेब या शनिवारीच लाँड्रीवालीचा निकाल लावणार आहेत. माझ्या खोट्या पोटदुखीवर ते भयंकर चिडलेत. डॉक्टर उगाच आले म्हणे.

काय करू ते सुचत नाही. तू इथं असतीस तर बरं झालं असतं. सासूबाईंच्या पाठीला वारा लागू दे. आठवण काढत जा, उचकी लागली तरी चालेल.

तुझी,
मावशी

❖

ता. १९ नोव्हेंबर

ती. स्व. मावशीस,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र अजून आलेलं नाही, पण राहवलं नाही म्हणून लिहिते. काल तुमच्या साहेबांचा फोन आला होता. मी गाडीत होते, शेजारचे गृहस्थ चढावर गाडी मागे सोडत होते, मागून लोक शिव्या देत होते. साहेब म्हणाले की तू दुखत नसताना दुखतंय म्हणून सगळ्यांना धावायला लावलंस, आणि वस्तू हरवल्याबद्दल काही काही बोलतेस. मावशी, असं काय करतेस गं?

त्यांनी विचारलं की मावशींना विसरायला होतं का, भास होतात का. मी म्हटलं हो, तिच्या डोक्यात काहीतरी चालूच असतं, वयही झालंय, तुम्ही जरा सांभाळून घ्या. म्हटलं त्यामुळे तरी ते तुझ्यावर रागावणार नाहीत. माणूस चांगला वाटला. फार आपुलकीनं बोलत होता.

आता तो तपास सोड आणि स्वस्थ राहा. सासूबाईंना ताप आहे. मी दोन दिवस कामावर गेले नाही तर शिकाऊ मला काढून टाकायला निघालेत, शिकवणारी दुसरी बघतो म्हणाले. पुढच्या महिन्यात मात्र नक्की.

सांभाळून राहावं, ही लेकीची विनंती.

तुझी,
चिमणी

❖

ता. २० नोव्हेंबर

चि. चिमणीस,

अ. उ. आ.

तुझं उत्तर यायच्या आत मी करून बसले. घाईनं लिहिते आहे, अक्षर लावून घे.

आज सकाळी लाँड्रीवालीला ऑफिसात बोलावलं. तिनं स्वतःचे कपडे पिशवीत भरून आणले होते. मी मागोमाग गेले आणि म्हटलं, साहेब, तिला सोडा, वस्तू मी घेतल्या. साहेबांनी विचारलं, कुठे ठेवल्यात? मी म्हटलं, आठवत नाही.

बघ, किती सोपं होतं! चोर मिळाला, पण चप्पल मिळाली नाही. लाँड्रीवाली सुटली आणि दोरीही बांधता आली नाही. त्यांनी परत परत विचारलं, मी परत परत आठवत नाही म्हटलं. एकदा तर कवळी मी बागेत पेरली असेल असंही म्हणाले. लाँड्रीवाली माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला कळलं असावं, जाताना तिनं माझा हात इतका दाबला की अजून दुखतोय.

बॅटरीबाई मात्र डोकं धरून बसली आहे. ती म्हणते, हात दाखवून अवलक्षण केलंस, आठवत नाही म्हणणाऱ्याला वर पाठवतात. मी तिला माझ्या गळ्याची शपथ घातली आहे की कंडक्टर त्याच्या पलंगावर पडेपर्यंत तोंड उघडायचं नाही. आणि वर पाठवायला काय मी बेवारशी आहे? मी तिला सांगितलं, साहेब आधी माझ्या भाचीला विचारतील. माझी चिमणी सांगेल की मावशीला तुमच्यापेक्षा जास्त आठवतं. तेव्हा तुला फोन आला तर ठणकावून सांग, बाळ. मला भीती वाटत नाही असं नाही. त्या जिन्याची फार वाटते. पण तू आहेस.

जे आजवर होतं तेच राहू दे आपल्यात, दुसरं मागणं नाही.

तुझी,
मावशी

❖

ता. २७ नोव्हेंबर

सौ. चिमणीताईस,

स. न. वि. वि.

मी तुमच्या मावशीच्या शेजारच्या पलंगावरची. मला सगळे बॅटरीबाई म्हणतात. पत्र लिहायची सवय नाही, चूकभूल माफ करा.

तुमची मावशी गेल्या शनिवारी दुपारी वर गेली. वर पेन्सिल देत नाहीत, लोक तोंडात घालतात, म्हणून तिचं पत्र येणार नाही. वाट बघू नका. जाताना तिनं जिन्यापाशी साहेबांना सांगितलं की माझ्या भाचीला विचारा. साहेब म्हणाले, विचारलं, त्यांनीच सांगितलं की तुम्हाला विसरायला होतं आणि भास होतात.  तेव्हा मावशी म्हणाली, चिमणी म्हणाली असेल तर असेल. आणि आपल्या पायांनी चढून गेली. मी हे तुम्हाला टोचायला लिहीत नाही. तिनं नंतर लाँड्रीवालीबरोबर निरोप धाडला की चिमणीला बोल लावू नकोस, पोरीचं घर म्हणजे इस्पितळ झालंय.

कंडक्टर मंगळवारी आला. स्वतःच्या पलंगावर झोपला. वाळून काडी झालाय. तुमची मावशी कुठे आहे ते विचारतो आणि मी सांगते, भाचीकडे गेली आहे.

तो आल्यावर माझी शपथ सुटली. मी बूट, कवळी आणि चप्पल घेऊन ऑफिसात गेले, सगळं टेबलावर मांडलं, खरं ते सांगितलं. साहेबांनी मला पाणी दिलं. म्हणाले, मैत्रिणीसाठी तुम्ही खोटंही बोलता, मन मोठं आहे तुमचं. तिनं या वस्तू तुमच्याकडे लपवल्या होत्या हे आधी का नाही सांगितलंत? मी ओरडले. ते म्हणाले, चिडू नका, आता तुम्हालाही विसरायला व्हायला लागलं का? तेव्हा मी घाबरून बाहेर आले. मला वरचं दार ऐकू येतं हो ताई. तुमची मावशी थापा मारत नाही. ती मारणाऱ्यांतली नाही, पण मी कान लावून असते.

तिचं सामान खोक्यात भरलंय. दोरी बांधलेली नाही. त्यात उजवी चप्पल आहे, डावी नाही. डावी कुठे आहे ते तुम्ही विचारू नका आणि कोणी विचारलं तर तुम्हाला माहीत नाही. पण माझं वय झालं, मी किती दिवस जागा धरणार? तुम्ही या. तुम्ही रक्ताच्या. तुम्ही तोंडानं सांगितलं तर त्यांना ऐकावं लागेल.

ओळख नसताना लिहिलं, तरी परकी समजू नये.

आपली,
बॅटरीबाई

❖

ता. ३ डिसेंबर

ती. स्व. मावशीस,

सा. न. वि. वि.

हे पत्र लाँड्रीवाली धुतलेल्या चादरीत घालून तुझ्यापर्यंत आणणार आहे. वाचून तिच्याकडेच परत दे.

परवा मी तुझ्याजवळ बसले तेव्हा तू मला काही बोलली नाहीस. केस कापलेस का विचारलंस, माझ्या शिकाऊ लोकांची चौकशी केलीस. तुझे केस त्यांनी किती बारीक कापलेत ते मी विचारलं नाही. शेजारची बाई सारखी तुझ्या हाताला चावायला बघत होती आणि तू तिला थोपटत होतीस. निघताना तू विचारलंस, साहेब काय म्हणाले? मी म्हटलं, होईल सगळं. ते खोटं होतं. समोर सांगायची हिंमत झाली नाही म्हणून लिहिते.

मी ऑफिसात जाऊन सगळं सांगितलं. म्हटलं, फोनवर मी चुकीचं बोलले, माझी मावशी पूर्ण भानावर आहे, तिनं कोणाला तरी वाचवायला विसरल्याचं सोंग केलं. टेबलावर हात आपटला मी. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते आवाज चढवत नाहीत, चढवला असता तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, नातेवाइकांना असंच वाटतं, मान्य करणं जड जातं. मग म्हणाले, मावशी भानावर आहेत असं तुम्ही म्हणता, पण ते तुम्ही कशावरून सांगता? आजच्या आधी तुम्ही त्यांना शेवटचं कधी भेटलात?

मावशी, फोनवर मला त्यांनी हे विचारलं नव्हतं. तुला विसरायला होतं असं मी म्हटलं तेव्हा त्यांना माझा शब्द पुरला होता. मी आठवायला लागले. उन्हाळ्यात आले होते का? तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा? तेव्हा तर सासूबाई पडल्या होत्या. त्याच्या आधी? त्या खुर्चीत बसून मी महिने मागे मागे नेत राहिले आणि ते वाट बघत राहिले. शेवटी मी म्हटलं, आठवत नाही.

ते हसले नाहीत. हळूच म्हणाले, आठवत नाही ना? मग बघा. आणि शिपायाला माझ्यासाठी पाणी आणायला सांगितलं.

ते म्हणतात, काही महिने नेमानं येऊन भेटा, मग तुमचं म्हणणं डॉक्टरांपुढे ठेवू. तोवर तुला तिथंच राहायचं आहे. तुला खालच्या पलंगावर आणायला मला दुसरा रस्ता सापडला नाही, आणि घरी न्यायला माझ्याकडे पलंगच नाही. सासूबाईंची जखम हाडापर्यंत गेली आहे. त्यांच्याबद्दल मी मनात जे आणते ते तुला लिहिणार नाही.

रविवारी येते. जेवण सोडू नकोस, एवढं एक ऐक माझं.

लोभ असू दे. तो मागायची माझी लायकी उरलेली नाही, तरी असू दे.

तुझी,
चिमणी